ताळ्याचा ससा

डॉक्टरेटसाठी प्राध्यापक त्र्यंबकरावांनी बुलढाण्यातल्या भाड्याच्या घरात दोन पांढरे ससे पाळले होते. डाव्या खुराड्यातल्या सशाला ते दर रविवारी कोंबडीच्या मेंदूचा अर्क टोचत. त्याच्या रक्तात मेंदूच्या पेशी नेमक्या हेरणारी प्रतिपिंडं तयार व्हावीत, एवढाच हेतू. उजवीकडचा ससा नुसता ताळ्यासाठी, म्हणजे तुलना करायला. त्याला सुई लावायचीच नव्हती. दाणापाणी आणि झाडलोट मात्र बायकोकडे, गीताबाईंकडे.

नागपूरहून रक्ततपासणीचा निकाल आला. प्रतिपिंडं दोन्ही सशांत सापडली होती, आणि तीही अगदी सारखी. न टोचलेल्या सशात ती आपोआप उपजतात, हे आजवर कोणालाच दिसलं नव्हतं. त्र्यंबकरावांनी हा शोध प्रबंधात घातला, गाईडना तार ठोकली आणि गल्लीत पेढेही वाटले.

"एवढं काय सापडलं म्हणे?" पेढा मोडत गीताबाईंनी विचारलं. त्र्यंबकरावांनी सगळं उलगडून सांगितलं.

 

"आपोआप कायचं? एकाच जिवाले दर खेपेले टोचलं तं पाप नाई लागत का? म्हणून दर शनिवारी खुराडे झाडले का मी सशायची अदलाबदल करत होती."