क्रेनवरची तिसरी बैठक

हॉलिवूडमध्ये बोलपट नुकते आले होते. कॅमेऱ्याच्या क्रेनवर त्या दुपारी दोघेच चढले, दिग्दर्शक हॅलोरन आणि कॅमेरामन फ्लॉइड. लांब दांड्याच्या पुढच्या टोकावरची तिसरी बैठक रिकामीच होती. क्रेन सांभाळणाऱ्या ऑर्विलने तोल साधायला दोघांच्या वजनाइतकं शिसं मागच्या टोकाला लादलं, तरी दांडा जमिनीवरून उठेना.

"फ्लॉइड, न्याहारीला बैल खाल्लास काय?"

"तुझं शिसंच पोकळ असेल, म्हाताऱ्या!"

"साहेब, शिसं काढतो, मग जरा उतरता का? तपासून बघतो."

"ऊन चाललंय. लाद आणखी," हॅलोरन म्हणाले.

आणखी एका माणसाइतकं शिसं लादल्यावर दांडा अलगद उचलला गेला. दृश्य झकास झालं. दांडा खाली आला, तसा ऑर्विलने तो पुढून धरला.

"शिसं काढेपर्यंत कुणी उतरायचं नाही," त्याने नेहमीसारखं बजावलं. एक जण जरी आधी उतरला, तरी हलका झालेला दांडा उरलेल्यांना वर भिरकावून देई.

तेवढ्यात दांडा उसळला. ऑर्विलचे पाय जमिनीवरून सुटले.

"अरे, कोण उतरलं?"

"कुणी नाही! धर, ऑर्विल, सोडू नकोस!"

दोघेही बैठकीवरच होते, पांढरेफटक.

ऑर्विलची पकड निसटू लागली. जवळपास कुणीच नव्हतं. तरी दांडा सावकाश खाली येऊ लागला, आणि त्याच्या मुठींवर कुणाचे तरी न दिसणारे हात घट्ट आवळले गेले.