डबीचा आकडा

"आकडा मी पुन्हा तपासून घेतला," नीला म्हणाली. "चूक नाहीये. तुमच्या घरात तो वायू खूपच जास्त आहे."

कांताने मांडीवरच्या लेकीला, शेवंतीला, छातीशी धरलं. "जास्त म्हंजे?"

"अशा हवेत वर्षानुवर्षं राहिलं तर फुफ्फुसाला धोका असतो. आज-उद्या काही होणार नाही. पण घरात तान्हं बाळ आहे, तेव्हा..."

पुढचं कांताने ऐकलंच नाही. तिचं पहिलं बाळ छातीत कफ भरून गेलं होतं. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि इथे तर ज्याची भीती त्याला ना रंग होता ना वास.

नीला एका प्रयोगशाळेत काम करायची. जमिनीतून झिरपणारा रेडॉन वायू घरांत किती साठतो, हे मोजायला ती ठाण्यात ठिकठिकाणी प्लास्टिकच्या छोट्या डब्या टांगत होती. डबीत फिल्मचा एक तुकडा, बास. कोपरीच्या कोळीवाड्यात तेवढ्यालाही कोणी तयार होईना. हो म्हणाला एकटा जगन, कांताचा नवरा. दिवाळीच्या तोंडावर त्याने जाळ्याच्या निळ्या दोऱ्याने डबी स्वतः आढ्याला, तिथे रचलेल्या जाळ्यांच्या आड, बांधली होती.

"ही आमची गाठ हाय, मॅडम. वादलात पन सुटनार नाय."

जगनची आई सगुणाबाई खालून टक लावून बघत होती. "ही करते काय?"

"गॅस पकडते, आजी."

"पकडते? म्हंजे जमिनीतना वढून आनते?"

नीलाला हसू आलं. शहरात आणखी बरीच घरं व्हायची होती. "तसंच समजा. फक्त संक्रांतीपर्यंत तिला हलवू नका."

संक्रांतीनंतर ती डबी न्यायला आली, तेव्हा म्हातारीने ती आधीच काढून कागदात गुंडाळून ठेवली होती. "तुमाला शिडी चडायचा तरास कशाला," म्हणाली. नीलाला फार कौतुक वाटलं.

आता मात्र नीला पुन्हा पुन्हा वर बघत होती. कौलांच्या फटींतून आभाळ दिसत होतं. खाडीचा वारा एका दारातून शिरून दुसऱ्या दारातून निघत होता. "एवढं हवेशीर घर," ती पुटपुटली. मग मान हलवून तिने उपाय सांगायला घेतले. जमिनीच्या भेगा सिमेंटने बुजवायच्या, खालून एक पाइप छपराबाहेर काढायचा, दारं-खिडक्या उघडी ठेवायची.

"आनि तवर पोरीला?" जगनने विचारलं.

"माझ्याकडे ठेवा की," दारातून आवाज आला. शेजारच्या विमलाबाई. महापालिकेच्या शाळेतल्या शिक्षिका, एकट्याच राहायच्या. बोलता बोलता त्यांना नेहमीचा खोकला आला. "माझी खोली काय, नवी पक्की आहे."

"तिथं नको," सगुणाबाई म्हणाली.

"का नको, आई? त्यांची लादी बग, एक भेग नाय. आपली शेनानं सारवलेली."

"नको म्हंजे नको. पोर माज्याजवल, माज्या घरान निजंल."

जगनने पुन्हा कारण विचारलं. सगुणाबाईने तोंड उघडलं, दारातल्या विमलाबाईंकडे पाहिलं आणि मिटून घेतलं. मोरीच्या पाण्यावरून दोघींचं जुनंच वाजत होतं, हे अख्ख्या आळीला ठाऊक होतं. कांताला सासूचा असा राग आला की बोलायची सोय नव्हती. पोरीच्या जिवापेक्षा मोरीचं पाणी मोठं झालं का? तिने पाळणा उचलून शेजारी नेला.

त्यानंतर घरात कुदळ चालू झाली. शेवंती रात्रंदिवस विमलाबाईंकडे. कांता तिच्या नाकाशी बोट धरून श्वास चालतोय ना ते बघायची. आपल्या घरातली हवा इकडे शिरेल या धास्तीने तिने विमलाबाईंच्या एकुलत्या एक खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या. दाराखाली गोणपाट दाबलं. सगुणाबाई दिवसभर त्याच उंबऱ्यावर बसायची. कांताची पाठ वळली की पोरीला उचलून अंगणात आणायची, आणि कांता ओरडली की निमूट परत द्यायची.

एका रविवारी दुपारी नीला दुसरी डबी घेऊन आली. जगनने ती त्याच हौसेने टांगली. काम चांगलं झालं होतं. जमीन गुळगुळीत, पाइप सरळ वर गेलेला. नीलाला हलकं वाटलं.

"चला, पोरीला बगा," कांता म्हणाली. "तिथं ठेवली म्हनून माजा जीव थाऱ्यावर हाय."

उंबऱ्यावरून सगुणाबाई हलली नाही. तिने नीलाचा हात धरला.

"मॅडम, ती डबी गॅस वढून आनते ना? मंग डबी काडून नेली का गॅस बी जातो ना?"

"नाही हो, आजी. डबी काही आणत नाही. ती फक्त मोजते. गॅस असतो तिथेच असतो."

सगुणाबाईचा हात गळून पडला. नीला गोणपाट ओलांडून आत गेली.

आत कोंदट अंधार होता. पाळण्यात शेवंती मूठ वळून झोपली होती. विमलाबाईंनी खोकत खोकत दिवा लावला, आणि नीलाची नजर वर गेली. पाळण्याच्या नेमक्या वर, भिंतीतल्या खिळ्याला, निळ्या दोऱ्याचं कापलेलं टोक लोंबत होतं. गाठ अजून घट्ट होती.

"बरं झालं आलात," विमलाबाई म्हणाल्या. "यांच्या डबीचा आकडा कळला. पण सगुणाबाईंनी दिवाळीत माझ्याकडे टांगली होती, तुम्हीच सांगितलंय म्हणाल्या, त्या डबीचा काय आला हो?"