सुरतेतली सुट्टी

"भिऊ नको व, समुद्र काय खात नाही तुला!" मंगला काठावरून ओरडली. "पाय रोवून उभी राहा."

जयश्री सुरतेजवळच्या डुमसच्या काळ्या वाळूत उभी होती. लाट परतताना पायाखालची वाळू ओढून नेई आणि तिला वाटे, चाललो आपणही. कडेवर मंगलाची धाकटी योगिता गळ्याला विळखा घालून बसलेली. एका हाताला थोरला धर्मेंद्र.

"मावशी, हजु आगळ!" तो तिला पुढे ओढत होता. चाळीत खेळून खेळून पोराच्या तोंडी अर्धी गुजराती बसली होती.

"ताई, तूही ये ना!"

"मी पाहिलाय समुद्र. तू बघ."

मंगला भज्यांचा पुडा मांडीवर घेऊन बसली होती. भजी तशीच गार झाली.

जयश्रीने समुद्र पहिल्यांदाच पाहिला होता. ह्या उन्हाळ्यात सगळंच पहिल्यांदा होतं. खरं तर आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, तिची सुपारी फुटायची होती. मुलगा धुळ्याचा, शेती बरी. जयश्री दहावीची परीक्षा देऊन आली होती. तिला पुढे शिकून मास्तरीण व्हायचं होतं, पण आबांपुढे बोलायची हिंमत नव्हती.

आखाजीला मंगला माहेरी आली. तिने आबांना मागच्या खोलीत नेलं, दार लोटून घेतलं. काय बोलली कुणास ठाऊक. संध्याकाळी आबांनी धुळ्याला नकार कळवला. माय ओट्यावर पदर तोंडाशी धरून रडत होती. चांगलं स्थळ गेलं म्हणून रडत असेल, असं जयश्रीला वाटलं.

"चल माझ्यासंगं सुरतला," मंगला म्हणाली. "सुट्टी लोळून घालवायची नाही. चार गोष्टी शिक."

आणि शिकवायला लागली ती अशी, की जयश्रीला दम खायलाही फुरसत मिळेना. गॅसची टाकी बदलणं. दुकानांच्या पाट्यांवरची गुजराती अक्षरं. पांडेसऱ्याच्या चाळीतून स्टेशनला एकटीनं जाणं. मैदानात सायकल.

"सायकल चालवतेस का म्हैस हाकतेस? सरळ बघ ना!"

"तू सोडलंस का मागून?"

"कधीच सोडलं. तू एकटीच चाललीयस."

शेजारच्या सुभद्राबाईंकडे शिवणयंत्र होतं. मंगलाने तिला तिथे बसवलं.

"आधी माझ्या पोलक्यांवर हात साफ कर. सगळी आत घे."

"सगळी?"

"सुरतचं पाणी मानवत नाही बाई मला."

"इतक्या वर्षांनी?" जयश्री हसली. मंगलाही हसली. सुभद्राबाई हसल्या नाहीत. त्यांनी जयश्रीच्या डोक्यावरून हात फिरवला. "गुणाची आहे गं पोर. देवानंच धाडली."

भाऊजी, सुकलाल, रंगाच्या मिलमध्ये मशीनवर होते. घरी येत तेव्हा नखांत निळा नाहीतर लाल रंग असायचा. मान खाली घालून जेवत, बाहेर खाट टाकून झोपत. जयश्रीशी एक शब्द बोलत नसत. आपलं राहणं त्यांना जड जातंय, असं तिला वाटे.

"तसं नाही गं," मंगला म्हणे. "त्यांचा स्वभावच तो. चहात आलं टाकलं नाही तरी पितात, पण मग अर्धा टाकतात. ध्यानात ठेव."

मे सरता सरता धर्मेंद्र तापाने फणफणला. मंगला उठली नाही. "तू ने त्याला दवाखान्यात. शिकायला नको?"

जयश्रीला भीती वाटली, पण ती गेली. डॉक्टरांशी मोडक्या गुजरातीत बोलली, औषध आणलं, रात्रभर पट्ट्या ठेवल्या. सकाळी ताप उतरला तेव्हा तिला स्वतःचाच अभिमान वाटला. मास्तरीण झाले तर जमेल आपल्याला, तिच्या मनात आलं.

योगिता आधी आईवाचून घास घेत नसे. मंगला तिला मुद्दाम झिडकारायची. "मावशीकडे जा. मला काम आहे." काम काहीच नसायचं. ती मोरीत जाऊन नळ सोडून उभी राही.

एका दुपारी योगिता झोपेतून दचकून उठली आणि समोर आई बसलेली असूनही रडत जयश्रीच्या कुशीत शिरली.

जयश्री ओशाळली. "ताई, राग नाही ना आला?"

"राग कसला?" मंगला किती तरी वेळ त्या दोघींकडे बघत राहिली. "आता मला झोप लागेल."

दहावीचा निकाल लागला. जयश्री पहिल्या वर्गात पास झाली होती. मंगलाने चाळीत पेढे वाटले.

"आबा येताहेत. तुझं काय ते ठरवून टाकू."

"मला गावी परत नेणार नाहीत ना?"

"नाही. तू सुरतेतच राहायचं. मी शब्द घेतलाय त्यांचा."

जयश्रीने तिला कडकडून मिठी मारली. ताईची हाडं तिच्या हातांना लागली.

आबा उधन्याला गाडीतून उतरून आले ते थकलेले. गुळाचा खडा तोंडात टाकून पाणी प्याले. माय आली नव्हती. भाऊजी उंबऱ्यावर रस्त्याकडे तोंड करून बसले. जयश्री पडद्यामागे चहा करत होती. आलं ठेचताना तिचे कान बाहेर होते. अकरावीचं कसं विचारायचं, ते तिने मनात घोकून ठेवलं होतं.

"आबा, जयूचं सांगा ना," मंगला म्हणाली.

जयश्रीने पडद्याच्या फटीतून पाहिलं. धोतराच्या सोग्याने आबा डोळे पुसत होते. मायसारखंच, आवाज न करता. मग म्हणाले, "ती पोर काय म्हनीन व, मंगला?"

"काही म्हणणार नाही. पोरं तिच्याच हातनं जेवतात आता," मंगला समजुतीच्या आवाजात म्हणाली. "डॉक्टर म्हणतात, दिवाळी काही मला दिसत नाही. तुम्ही फक्त एवढं करा, वर्ष उलटू देऊ नका, माझे दिवस झाले की लगेच तिचं ह्यांच्याशी लग्न लावून द्या."