चेहरे कापलेले फोटो

पालकसभेत मुख्याध्यापकांनी पडद्यावर फोटो लावले. मुलांना सोडायला येताना आयांनी लेगिंग्ज घालू नयेत, हा विषय होता.

"बघा, पायांना नुसत्या चिकटलेल्या! मुलं काय शिकणार यातून? बदनामी नको म्हणून चेहरे मात्र कापलेत हं."

सगळे फोटो मागून काढलेले, कमरेखालचे. एकातली बाई मुलीच्या बुटाची नाडी बांधायला वाकली होती. तो सरांनी मोठा करून दाखवला. पोटरीवरची उसवलेली शिवण पिवळ्या दोऱ्याने शिवलेली ती राखाडी लेगिंग्ज माझी होती. समोर लेकीचे बूट, नेहमीसारखे डाव्याचा उजव्या पायात घातलेले.

"हे फोटो काढले कोणी, सर?" मी कसंबसं विचारलं.

"मीच. तीन महिने, रोज सकाळी फाटकापाशी उभा राहून," सर अभिमानाने म्हणाले. "शाळेसाठी एवढं करावंच लागतं."

टाळ्या पडल्या. शेजारी बसलेल्या नवऱ्यानेही वाजवल्या. मग पडद्यावरची नजर न काढता तो माझ्या कानाशी कुजबुजला, "नशीब, यात तू नाहीस."