म्यूरिएल केक खात नाही

बेरिलने लिंबाच्या केकमध्ये सुरी घातली आणि म्यूरिएलकडे बघायचं टाळलं. काल म्यूरिएल तपासणीचा निकाल आणायला इस्पितळात गेली होती. हे ठाऊक होतं एकट्या बेरिलला, तेही बसमध्ये गाठ पडली म्हणून.

विचारायची सोय नव्हती. यॉर्कशरच्या त्या गावात बायका हवेबद्दल तासभर बोलतील, पण आजाराचं नाव काढणार नाहीत. मंगळवारी चर्चच्या सभागृहात चहा, केक, आणि बाकी सगळं आलबेल.

'सद्गुण' हा शब्द तिथे पाद्रीबाईंच्याही तोंडी फारसा येत नसे. तो उरला होता केकपुरता. कुणी 'नको' म्हटलं की टोमणा ठरलेला, "आल्या बघा सद्गुणी!" म्यूरिएल वर्षानुवर्षं केक नाकारत होती आणि टोमणे खात होती.

एडनाही तशीच होती. मग गेल्या हिवाळ्यात एडनाने अचानक दोन तुकडे मागून घेतले. "ढळली गं बाई एकदाची!" म्हणून सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. ईस्टरच्या आत तिला पुरलं. दिवस थोडेच उरलेत हे तिला डॉक्टरकडून कळलं होतं; मग वजन कशासाठी सांभाळायचं? टाळ्या पिटणाऱ्यांना ते मागाहून उमगलं. सगळ्यात मोठी टाळी बेरिलची होती. ती तिला अजून खुपत होती.

बेरिलने बशी पुढे केली.

"घेतेस का गं?"

म्यूरिएलने चष्मा वर सरकवला. केककडे जरा जास्तच वेळ पाहिलं. तिचा हात पुढे आला.

त्या हाताने तिने बशी शेजारच्या हेदरकडे सरकवली.

"नको बाई. ऑगस्टमध्ये भाचीचं लग्न आहे. त्या निळ्या झग्यात मावायला नको का मी?"

"आल्या बघा सद्गुणी!" हेदर म्हणाली, आणि सगळ्या खिदळल्या.

बेरिलला हसू आलं नाही. तिने पाठ फिरवून स्वच्छ असलेली किटली पुन्हा एकदा पुसली. मग एप्रनने डोळे पुसले.

"हसू नका गं कुणी," ती वळून म्हणाली. "म्यूरिएल, तू आपली अशीच सद्गुणी राहा. माझ्या केकला कधी हात लावू नकोस."