खालचं मशीन

दोन वाजून दहा मिनिटांनी प्रेरणाच्या पडद्यावरून क्रेनचा गर्डर नाहीसा झाला. रेघ चुकली नाही, माऊस अडकला नाही. अख्खी खिडकीच गेली. उरला तो निळा पडदा आणि कोपऱ्यात एक ओळ : जोडणी तुटली.

तिने वर पाहिलं. पंखा फिरत होता. म्हणजे लाइट गेली नव्हती.

गर्डर तिच्या लॅपटॉपवर नव्हताच. त्या खटाऱ्याला असलं जड काम झेपत नाही. ड्रॉइंगचा प्रोग्राम चालायचा खाली, बाबांच्या खोलीतल्या मोठ्या कॉम्प्युटरवर. वर तिला त्याची खिडकी तेवढी दिसायची. माऊस वर हलायचा, काम खाली व्हायचं. मोठं मशीन वर आणावं तर खुर्सीपार वस्तीतल्या मे महिन्यात टिनाच्या छपराखाली ते तासाभरात मान टाकायचं. खाली जाऊन बसावं तर बाबांचा टीव्ही आणि दिवसभर येणारे-जाणारे. म्हणून तिने स्वतः जिन्यावरून वायर ओढली होती.

आज पुण्याच्या एका कंपनीची परीक्षा होती, नऊ ते तीन. प्रोग्राम मधेच बंद झाला तर परीक्षा तिथेच संपली, हा त्यांचा नियम. प्रेरणाचं कंत्राटी काम सुटून चौदा महिने झाले होते. ही नोकरी तिला नुसती हवी नव्हती, जिवापाड हवी होती. फोन थरथरला. तिने पाहिलं : आपली परीक्षा समाप्त झाली आहे, धन्यवाद.

ती धडधडत जिना उतरली. खालचं मशीन गप्प पडलं होतं. भिंतीवरच्या बोर्डाचं बटण बंद. बाबा खाटेवर बसले होते आणि दारात शेजारची मैनाबाई ताकाचा गडवा घेऊन उभी होती.

प्रेरणाचं तोंड पाहूनच मैनाबाईने वकिली सुरू केली. "अवं, त्याईले का समजते त्यातलं! पडदा काळा दिसला, केलं बंद. म्हातारा मानूस हाये, रागावू नको पोरी."

कुणालाही पटावं असंच ते होतं. काम वरून चालायचं तेव्हा खालचा पडदा काळाच असायचा. पाहणाऱ्याला वाटावं, फुकट वीज जळते आहे.

पण सकाळी पावणेनऊला प्रेरणाने त्या बटणाला लाल टॅग बांधला होता. बाबा, म्हणजे धम्मपाल, चौतीस वर्षं पोलादाच्या प्लांटमध्ये इलेक्ट्रिशियन. तिथे लाइनवर काम करायला जाणारा माणूस बटणाला आपल्या नावाचा टॅग लावून जातो आणि ज्याने लावला त्यानेच तो काढायचा असतो. साहेबसुद्धा हात लावत नाही. बाबांनी हा कायदा घरीही आणला होता. कूलर दुरुस्त करतानासुद्धा टॅग लटकायचा. एकदा आईने तो काढून पंप लावला, तर दोन दिवस ते जेवले नव्हते. आज टॅगवर 'काम चालू आहे – प्रेरणा' असं लिहिलेलं वाचून ते खूश झाले होते. गाठ त्यांनीच घट्ट केली होती.

आता बोर्ड मोकळा होता. बाबांच्या शर्टाच्या खिशातून लाल दोरी डोकावत होती.

मैनाबाई जाईपर्यंत प्रेरणा थांबली.

"बाबा, टॅग तुमी काढला?"

"हो."

"कावून?"

बाबांनी मान वर केली नाही. "मले सगळं मालूम होतं, बेटा. तू फोनवर बोलून राहिली होती ना, पुण्याची कंपनी हाये म्हणून. तुही माय गेली. आता तू बी गेली तं मी कोनाशी बोलू? चौतीस वर्सांत कोनाचा टॅग नाही काढला मी. आज काढला."

प्रेरणाला संताप आला. मग त्यांची कीव आली, आणि ती कीव आली याचा आणखी संताप आला. तिने त्यांना काहीच सांगितलं नव्हतं. मागच्या वेळी एका नोकरीचं पत्र हातात पडायच्या आधीच बाबांनी विहारापासून चौकापर्यंत पेढे वाटले होते आणि नोकरी हुकल्यावर पंधरा दिवस घराबाहेर पडले नव्हते. या वेळी सही झाल्यावरच सांगायचं, असं तिने ठरवलं होतं. तोच शहाणपणा नडला.

ती खाटेच्या कडेला बसली.

"कंपनी पुण्याची हाये, बाबा. काम इथूनच होतं. वरच्या खोलीतून, याच मशीनवर. नाहीतर वायर कायले ओढली असती मी?"

बाबांचा हात खिशातल्या लाल दोरीकडे गेला.

"बडोद्याची नोकरी महिन्यापासून हातात हाये. तिथं जाऊन राहा लागते. तुमाले एकटं टाकून जावं लागंल म्हणून मी थांबून होती. आज शाम तक सांगाचं हाये त्याईले."

बाबा घाईघाईने उठले. भिंत धरत बोर्डापाशी गेले आणि त्यांनी बटण दाबलं. मशीन घुरघुरू लागलं. काळा पडदा हळूहळू उजळला.

"हे पाह्य, झालं सुरू," ते म्हणाले. "फोन कर त्या पुण्यावाल्याले. सांग, बापाची चुकी झाली. आता कोनीच हात नाही लावणार. मी बसतो इथं राखण."

"राहू द्या सुरूच," प्रेरणा म्हणाली. "बडोद्याचं तिकीट काढाचं हाये."