जांभळा वाडगा

"सही इथे," वृद्धाश्रमाच्या व्यवस्थापिकेने फॉर्म लेकीपुढे सरकवला. "वरच्या मजल्यावर आजोबांची छान काळजी घेतली जाईल."

वरच्या मजल्याच्या दाराला कुलूप बाहेरून असतं. म्हातारा शिंपी हे जाणून होता.

"मी हिचा बाप आहे," तो म्हणाला. "तुमचा आजोबा कधी झालो?"

व्यवस्थापिका गोड हसली. तिच्या डोक्यामागे भिंतीवर रंगीत तक्ता होता : जांभळ्या फळांतली वनस्पतिद्रव्यं आपली स्मरणशक्ती जपतात! याविषयीचं संशोधन अजून चालू होतं. जाहिरात पूर्ण झाली होती. आश्रमाने 'मेंदू-पोषण आहार' सुरू केला होता आणि घरच्यांना रोज सकाळी नऊला मोबाइलवर फोटो जात होता : वडील, हसू, पुढ्यात प्लम आणि काळ्या द्राक्षांचा भरलेला वाडगा.

"आणि हे म्हणतात, एकही फळ खाल्लं नाही," व्यवस्थापिका म्हणाली. "खाल्लेलं न आठवणं हे स्मृतिभ्रंशाचं पहिलं लक्षण."

"बाबा, रोजचे फोटो आहेत माझ्याकडे," लेक हळूच म्हणाली.

"आहेत ना? वाडगा ठेवतात, हसा म्हणतात, फोटो काढतात, वाडगा शेजारच्यापुढे. आम्हाला मग दूध-पाव."

"बघा," व्यवस्थापिकेने उसासा टाकला. "गोष्टी रचतात."

लेकीने पेन उचललं.

"फोटो मोठा करून बघ," शिंपी घाईने म्हणाला. "मधल्या प्लमच्या देठाशी. एक तारखेला टोचलीय मी."

लेकीने आज सकाळचा फोटो दोन बोटांनी ताणला. देठाशी लाल मण्याची टाचणी होती. तिने पंधरा तारखेचा उघडला. टाचणी होती. नऊ तारखेचा. दोन तारखेचा. बापाचं हसू रोज थोडं थोडं उतरत गेलं होतं. प्लमवर सुरकुतीही नव्हती.

आज सव्वीस तारीख होती.

"खाण्याच्या वस्तूत टाचणी?" व्यवस्थापिका खुर्चीत सावरून बसली. "ताई, हे तर फारच गंभीर आहे. आता वरचा मजला आजच!"

लेक उठली. कोपऱ्यातल्या काचेच्या कपाटात, आश्रमाला मिळालेल्या मानचिन्हांशेजारी, तो वाडगा होता. तिने मधला प्लम उचलला आणि टाचणी उपटली. टोकाला थर्माकोलचा पांढरा कण चिकटून आला.

"कॉलरला लाव," शिंपी सवयीने म्हणाला. "हरवेल."

तिने टाचणी बापाच्या कॉलरला लावली. प्लम व्यवस्थापिकेच्या पुढ्यात, सही न केलेल्या फॉर्मवर ठेवला. मग मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला.

"हसा, मॅडम," ती म्हणाली. "आणि एक घास घ्या."